कोलशेतच्या खाडीवरचा मंगळ

अण्णा, तुमची कोलशेतची कंपनी बंद पडली, मग पाडली, आणि त्या जागेवर जी उंचच उंच घरं उभी राहिली त्यांतल्या एका घरात आता मी राहते. हे तुम्हाला सांगायचं राहूनच गेलं. तुम्हाला जाऊन तीसेक वर्षं झाली, आणि मी इथे आले ती टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यावर. ज्या फाटकातून तुम्ही सायकल हातात धरून आत जायचात तिथे आता एक कमान आहे आणि कमानीवर एक इंग्रजी नाव आहे. त्याचा अर्थ मला अजून कुणी नीट सांगितलेला नाही. तुमचं बॉयलर हाउस नेमकं कुठे होतं ते मी पुष्कळदा शोधलं. माझ्या अंदाजाने ते मुलांच्या झोपाळ्यांच्या आसपास असावं. पण पत्र लिहायला बसले ते यासाठी नाही. गेल्या हिवाळ्यात इथल्या आकाशात एक प्रकार घडला आणि तो सांगावा असं माणूस मला तुमच्याशिवाय सुचलं नाही. आईला सांगायला गेले असते तर तिने मधेच तोडून विचारलं असतं, 'त्या बाईचं काय झालं ते आधी सांग.' तीही आता नाही. तिचाच प्रश्न बरोबर होता असं मला हल्ली वाटतं, पण मी आपली क्रमाने सांगते.

तुम्हाला आठवतं का माहीत नाही, एकदा तुम्ही डबा विसरून गेलात आणि आईने मला कळव्याहून तुमच्या मित्राच्या सायकलवर मागे बसवून कंपनीत धाडलं. मी फ्रॉकमधली पोर, आणि आत तो आवाज, ती ऊब, तो तेलकट वास. तुम्ही मला एका बाजूला उभं केलंत आणि म्हणालात, 'हात मागे बांध आणि बघ.' भिंतीवर गोल काचेची मीटरं होती. तुम्ही प्रत्येक काचेवर आधी नखाने टकटक करता, थांबता, काट्याकडे बघता आणि मगच पाटीवर आकडा लिहिता. मी विचारते, टकटक कशाला? तुम्ही म्हणता, 'काटा कधीकधी अडकून बसतो. आधीच्या पाळीचाच आकडा दाखवत राहतो. न बघता आकडा लिहिणारे पुष्कळ आहेत इथे. बॉयलरला ते कळत नाही, तो आपला तापत जातो.' त्यानंतर घरात कुणीही काहीही छातीठोकपणे सांगू लागलं की तुम्ही टेबलावर नखाने टकटक करायचात. आईला त्याचा भयंकर राग यायचा. भाजीत मीठ आहे असं ती म्हणाली तरी तुमची टकटक.

आकाश बघायला तुम्हीच शिकवलंत, तेही स्वयंपाकघरात. आई भाकऱ्या थापत होती, स्टो फुरफुरत होता. तुम्ही मला भिंतीला पाठ लावून उभं केलंत, अंगठा समोर धरायला लावलात आणि एकदा हा डोळा, एकदा तो डोळा मिटायला सांगितलंत. अंगठा पिठाच्या डब्यावरून उडी मारून थेट मोरीच्या कठड्यावर गेला. मग खिडकीतून दूरचा पाण्याचा टॉवर दाखवलात. डोळे कसेही मिटा, टॉवर जागचा हलेना. 'जवळचं उडी मारतं, लांबचं मारत नाही,' तुम्ही म्हणालात, 'चंद्रताऱ्यांची अंतरं काढणाऱ्यांनी सुरुवात इथूनच केली.' आई म्हणाली, 'अंगठा खाली घे आणि ताट घे.' रविवारी विहारात वंदना झाली की तुम्ही आम्हा पोरांना मागच्या मोकळ्या जागेत न्यायचात आणि हाताची मूठ ताणून धरून कुठला तारा कुठल्या ताऱ्यापासून किती मुठी लांब आहे ते मोजायला लावायचात. पुढे मी दहावी झाले तेव्हा तुम्ही कल्याणच्या बाजारातून जुनी दुर्बीण आणलीत. तिच्या एका नळीत बुरशी होती, म्हणून मी कायम उजव्याच डोळ्याने आकाश बघितलं. मैत्रिणी म्हणायच्या, नेम धरतेयस काय गं कुणावर.

आता आमचा एक छोटासा गट आहे. डोंबिवलीचे एक दातांचे डॉक्टर आहेत, कल्याणला कॉलेजात शिकवणाऱ्या एक बाई आहेत, आणखी चारदोन हौशी मंडळी. महिन्यातून एकदा कुणाच्या तरी गच्चीवर जमतो, एरवी फोनवर. आमचं मुख्य काम म्हणजे लोकांना धीर देणं. कुणालातरी आकाशात काहीतरी चमकताना दिसतं, तो घाबरून फोन करतो, आणि आम्ही सांगतो की शुक्र आहे, किंवा गुरू आहे, किंवा ओळीने चाललेले उपग्रह आहेत. दहातल्या नऊ वेळा आमचं उत्तर बरोबर असतं. आणि त्या नऊ वेळांनीच आम्हाला बिघडवलं.

थंडीचे दिवस होते. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी, बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ, माणूस वाईट नाही पण सतत कशाच्या तरी बंदोबस्तात असलेला, त्यांनी सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं की रोज संध्याकाळी खाडीवर तांबूस दिवा हवेत तरंगताना दिसतो, सगळ्यांनी सावध राहावं. मी तेव्हा स्वयंपाकघरात मेथी निवडत होते. त्या दिवसांत सूर्य मावळला की पूर्वेला मंगळ उगवत असे, चांगला तांबडालाल. मी ओल्या हातानेच उत्तर लिहिलं, 'घाबरू नका, मंगळ आहे.' डोंबिवलीच्या डॉक्टरांना कळवलं तर तेही म्हणाले, मंगळच. कल्याणच्या बाईही म्हणाल्या, मंगळच, दुसरं काय असणार. तिघांतल्या एकानेही मान वर करून बघितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये सेक्रेटरींनी मला गाठलं.

'मॅडम, तुमचा मंगळ चालतो का हो?'

'म्हणजे?'

'नाही, काल सातला खाडीवर होता. जेवून गॅलरीत आलो तर आपल्या बिल्डिंगकडे सरकलेला. परवापण सेम. मंगळाला इकडे काय काम?'

लिफ्टमधले सगळे हसले आणि मीही हसले, पण माझे कान तापले होते. संध्याकाळी गॅलरीत उभी राहिले. मंगळ होता. आणि त्याच्या उजवीकडे, हात लांब करून एका मुठीच्या अंतरावर, धुरकट हवेत सुजलेला आणखी एक तांबूस ठिपका होता. लुकलुकत नव्हता, आवाज नव्हता. खाली खाडीचं काळं पाणी, वर तो. मला भूतबित वाटलं नाही, तुमची मुलगी आहे मी. पण इतकी वर्षं आकाश बघून जे ओळखता येत नाही असं काही समोर टांगलेलं असलं की एकटीने बघत राहणं जड जातं.

तोवर ग्रुपवर मंगळ मागे पडून ड्रोन आला होता. चोर ड्रोनने घरं हेरतात, कुठली घरं बंद आहेत ते बघून ठेवतात, असले व्हिडिओ कुठूनकुठून येऊन पडले होते. ड्रोन खाडीवरून उडतो, तेव्हा तो होडीतूनच कुणीतरी उडवत असणार. खाडीत संध्याकाळी होडी घेऊन कोण जातं? आमच्याकडे मासे विकायला येणाऱ्या मावशीचा मुलगा. झालं, एवढ्यावर सगळं ठरलं. कंपाउंडला खाडीच्या बाजूने एक छोटं फाटक आहे. पलीकडच्या कोळीवाड्यातल्या बायका टोपल्या घेऊन त्यातून आत येतात. त्याला कुलूप लागलं. रविवारी सभा ठेवली. फाटक कायमचं बंद करायचं आणि मुलाचं नाव पोलीस चौकीत द्यायचं, असे दोन विषय.

मावशी मला मोठ्या गेटवर भेटली. वॉचमनने तिला आत सोडलं नव्हतं, टोपली खाली ठेवून ती रस्त्याच्या कडेला बसली होती. माझ्याहून चारपाच वर्षांनी लहान असेल. ती म्हणाली, 'बाय, माजा पोरगा भरतीच्या टायमाला जालं टाकाला जातं. डोक्याव बॅटरी बांदतं, तवरीच. त्याला चोर म्हनतान ह्ये लोक?' मी म्हटलं, मी बघते. 'बगा बाय,' ती म्हणाली, 'त्याची पोरगी आता शालेत जाला लागले. पोलीस दारात आले तं गावात तोंड कसा दाखवाचा?' एकदा नाव चौकीत गेलं की पुढे कुठेही काही चोरीला गेलं तरी बोलावणं त्यालाच येणार, हे तिलाही ठाऊक होतं आणि मलाही. आपल्या चाळीतल्या पोरांची नावं अशीच गेली होती, तुम्ही किती वेळा स्टेशनात जाऊन बसलात ते मी विसरलेले नाही.

मग मी नीट कामाला लागले. अंधार पडल्यावर गॅलरीतून डोंबिवलीला फोन लावला. 'मंगळ दिसतोय?' 'लख्ख,' डॉक्टर म्हणाले. 'त्याच्या उजवीकडे एक मूठ, काही आहे?' त्यांनी पुन्हा पुन्हा बघितलं. 'काहीच नाही हो. आमच्याकडे तिथे ढग असेल.' कल्याणला विचारलं. त्या बाईंनीही सांगितलं, मंगळ आहे, आजूबाजूचे तारे आहेत, तुमचा ठिपका नाही. दोघांच्याही आकाशात नेमका तेवढ्याच जागी ढग कसा असेल? खरोखर वर आकाशातली वस्तू असती तर कोलशेत, कल्याण आणि डोंबिवली तिन्हीकडून मंगळाच्या शेजारीच दिसली असती. इथे अंगठ्याने उडी मारली होती, आणि उडी म्हणजे जवळचं. मला आनंद व्हायला हवा होता, पण भीती वाटली. लांबचं काही निघालं असतं, एखादा जुना उपग्रह, एखादा रॉकेटचा तुकडा, तर कुणाचाच दोष नव्हता. जवळचं म्हणजे इथलं. इथलं म्हणजे कुणाचं तरी. तो मुलगा हौसेने एखादा स्वस्तातला ड्रोन उडवत असला तर? पोरं उडवतात. त्या रात्री मी ग्रुपवर लिहायला घेतलं, 'जुना उपग्रह आहे, हळूहळू खाली येतोय, थोड्या दिवसांत दिसेनासा होईल.' लोकांना माझं पटतं, मंगळावर हसले असले तरी पटतं. सगळं मिटलं असतं. वाक्य लिहून झालं आणि मी ते न पाठवता तसंच ठेवून झोपायला गेले. झोप कसली येतेय.

सकाळी मी ते पुसलं. तुमच्या टकटकीमुळे पुसलं असं म्हणायला आवडेल, पण मला आठवलं होतं दुसरंच. ग्रहण होतं. चाळीतली शेजारची काकू पोटुशी होती, ती दार लावून, अंधार करून, हातपाय न हलवता बसली होती. मी दाराबाहेरून ओरडून हसले, 'काकू, सावली आहे, सावली.' तुम्ही मला दंडाला धरून घरात आणलंत. मला वाटलं शाबासकी मिळणार. तुम्ही म्हणालात, 'तुला बघायला शिकवलं, हसायला कुणी शिकवलं?' आणि मग तुम्ही काय केलंत, तर काळी काच घेऊन काकूच्या नवऱ्याला अंगणात नेलंत आणि ग्रहण त्याच्या डोळ्यांनी बघू दिलंत. तिला काही बोलला नाहीत. म्हणून मी सेक्रेटरींना फोन केला आणि म्हटलं, आज संध्याकाळी माझ्याबरोबर कळव्याला चला. मी सांगितलेलं नको, तुम्ही स्वतः बघा. ते आधी कुरकुरले, मग म्हणाले, 'चला, होऊन जाऊ दे.'

आपल्या चाळीच्या जागी आता मोठी इमारत आहे आणि तुमचा धाकटा तिथेच राहतो. रिक्षाने जाताना वाटेत सेक्रेटरी मला ड्रोनचे व्हिडिओ दाखवत होते आणि मी हं हं करत होते. माझं लक्ष नव्हतं. कळव्याहून कोलशेत उत्तरेला, जरा डावीकडे पडतं. ठिपका खाडीवर असेल तर तो आमच्या टॉवरांच्या चांगलाच उजवीकडे दिसायला हवा, पाण्याच्या डोक्यावर. मी धाकट्याच्या गच्चीच्या कठड्यावर कोपर टेकले, दुर्बीण लावली. आता दोन्ही डोळ्यांची आहे, मुलीने दिलेली. टॉवरांच्या खिडक्यांचे उजेड सापडले. ठिपका सापडला. तो पाण्यावर नव्हता. आमच्याच टॉवरांना लागून होता, शेवटच्या टॉवरपलीकडच्या अंधाऱ्या जागेवर, आणि त्याच्यापासून एक बारीक काळी रेघ आडवी निघाली होती. मी दुर्बीण सेक्रेटरींच्या हातात दिली. त्यांनी चष्मा काढला, लावला, पुन्हा काढला.

'मॅडम, ती काठीसारखी काय आहे?'

'तुम्ही सांगा.'

'अहो...' ते थांबले. 'ही तर आपली क्रेन आहे. मागच्या विंगची.'

मागची विंग म्हणजे आमच्या संकुलातली रखडलेली इमारत. काम बंद, दिवे बंद, थंडीतल्या धुरक्यात तिचा सांगाडा संध्याकाळी पार बुडून जातो. सेक्रेटरींनी तिथूनच साइटवरच्या माणसाला फोन लावला. त्याने सांगितलं, विमानांसाठी लाल दिवा लावायला हवा म्हणून क्रेनच्या आडव्या हाताच्या टोकाला नवीन बसवलाय. आणि काम नसलं की तो हात आम्ही बांधून ठेवत नाही साहेब, मोकळा सोडतो, नाहीतर वाऱ्याने क्रेनच आडवी होईल. वारा जिकडे नेईल तिकडे तो वळतो. म्हणजे बघा अण्णा, संध्याकाळी समुद्राकडचा वारा त्याला खाडीवर ढकलायचा आणि जेवणं उरकेपर्यंत वारा पडून उलटा फिरला की तो निमूट आमच्या घरांकडे यायचा. सेक्रेटरींना वाटलं ती टेहळणी होती. आणि आम्ही जाणकार मंडळी, आम्ही तर जास्तच आंधळे. शहरात आकाश बघायचं म्हणजे इमारती, खांब, क्रेन, दिवे हे सगळं डोळ्याआड करायची सवय लावून घ्यावी लागते. आम्ही ती इतकी लावून घेतली की क्रेन आम्हाला दिवसाढवळ्यासुद्धा दिसेना. डोंबिवलीचे डॉक्टर फोनवर म्हणाले, 'आठवडाभर मी उपग्रहांचे तक्ते चाळतोय हो.' आणि खूप हसले. मलाही हसू आलं, पण त्याआधी मी गच्चीवरच खाली बसले. धाकट्याच्या बायकोने चहा आणला तेव्हा ती घाबरून म्हणाली, 'ताई, काय झालं?' मी म्हटलं, काही नाही, क्रेन आहे.

सेक्रेटरींनी ग्रुपवर लिहिलं, 'क्रेनचा दिवा आहे. मी स्वतः पाहिला. चर्चा बंद करावी.' त्यापुढे हात जोडलेले. होडीचा उल्लेख नाही, मुलाचा नाही, माफीचा तर नाहीच. सभेत पार्किंगवर बोलणं झालं. फाटकाचं कुलूप दोन दिवस तसंच होतं, मग कुणीतरी काढलं. मावशी पुन्हा टोपली घेऊन वर आली. मी दारातच तिला सगळं सांगितलं, कळव्याला कशी गेले, काय दिसलं, वारा कसा फिरतो. फार फुशारकीने सांगितलं असणार. ती बोंबील निवडून देत ऐकत होती. म्हणाली, 'तुमी बगलाव, बरा केलाव.' मग टोपलीवर फडकं ओढताना थांबली. 'पन बाय, बत्ती माज्या पोराचीच निंगाली असती तं?'

उत्तराची वाट न बघता ती लिफ्टचं बटण दाबून उभी राहिली. तेव्हापासून तो प्रश्न माझ्यापाशी आहे आणि तुमच्याशिवाय कुणाला सांगावं असं हे नाही. सगळं तुमच्या पद्धतीने केलं मी. अंगठा, मूठ, दोन जागा, आपल्या डोळ्यांनी बघणं, दुसऱ्याला बघू देणं. पण रिक्षातून कळव्याला जाताना मनात काय होतं ते सांगते. सेक्रेटरींच्या आधी दुर्बीण आपण लावायची, एवढं मी ठरवून ठेवलं होतं. दिवा होडीच्या डोक्यावर तरंगताना दिसला असता तर मी ती त्यांच्या हातात दिलीच नसती. धुरकट आहे, काही दिसत नाही, उपग्रहच असणार, असं म्हटलं असतं. मुलाचा ड्रोन म्हणजे नुसती हौस आहे हे मला पटलं असतं, पण चौकीत कुणालाही पटलं नसतं. तुम्ही रागावला असतात. टेबलावर टकटक केली असतीत. आणि मी प्रथमच तुमचं ऐकलं नसतं, अण्णा. खोटं बोलले असते आणि घरी येऊन शांत झोपले असते. तुम्हाला हे तोंडावर सांगायची माझी छाती झाली नसती, म्हणून पत्राला पत्ता नाही हे एका परीने बरंच आहे.